ग्रामीण महाराष्ट्रातील वंशावळ-शोध

ग्रामीण महाराष्ट्रातील वंशावळ-शोध म्हणजे खेड्यात राहून गेलेल्या एखाद्या पूर्वजाचे कुटुंब, त्याचे वारस व भाऊबंद यांचा मौखिक परंपरा आणि लेखी दप्तर यांच्या आधारे घेतलेला मागोवा होय. राजघराणी व मोठे सरदार यांच्या बखरी आणि वंशवृक्ष उपलब्ध असतात. सामान्य शेतकरी वा बलुतेदार मात्र दप्तरात येतो तो बहुधा सारा भरताना, जमीन वाटून घेताना किंवा तंटा मांडताना. त्यामुळे असा शोध मुख्यतः महसुली कागदांवर अवलंबून असतो.

शोधाचा प्रारंभ

शोध ज्ञाताकडून अज्ञाताकडे नेला जातो. प्रथम घरातील वृद्धांकडून नावे, मूळ गाव, कुलदैवत, देवक, सोयरिकीची गावे आणि जमिनीची प्रचलित नावे टिपून घेतली जातात. त्यानंतर प्रत्येक पिढीसाठी लेखी पुरावा शोधला जातो. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची प्रथा असल्याने एकच नाव एकाआड एक पिढीत पुन्हा येते. दोन व्यक्ती एकच समजल्या गेल्या, तर वंशावळीतून दोन पिढ्या गळतात. म्हणून केवळ नाव जुळणे पुरेसे नसते. वडिलांचे नाव, जमिनीचा क्रमांक आणि काळ या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

महसुली अभिलेख

मुंबई इलाख्यात १८३५ नंतर विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्या पद्धतीने जमिनीची मोजणी झाली व प्रत्येक शेताला सर्व्हे क्रमांक मिळाला. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. आजचा सातबारा उतारा हा तिचाच विकास आहे.

वंशावळीच्या दृष्टीने सातबाऱ्यापेक्षा फेरफार नोंदवही (गाव नमुना ६) अधिक मोलाची ठरते. खातेदार मृत झाल्यावर घातलेल्या वारस नोंदीत मुलगे, विधवा आणि पुष्कळदा मुलीही नावानिशी आढळतात. सातबाऱ्यावरील संक्षेपांचा अर्थ ठाऊक असणे आवश्यक आहे. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. अशा नोंदीत केवळ कर्त्या पुरुषाचे नाव असते आणि धाकटे भाऊ उताऱ्यावर दिसतच नाहीत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. हा शेरा वडिलांचे निधन मुलांच्या लहानपणी झाल्याचे सुचवतो. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ एकत्रीकरण योजनेच्या उताऱ्यावरून घालावा लागतो.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने तेथील जुने दप्तर बहुतांशी उर्दूत आहे. त्यानंतरच्या काळासाठी खासरा पत्रक व पाहणी पत्रक उपयोगी पडतात.

जन्म-मृत्यू आणि शाळेच्या नोंदी

जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा असला, तरी त्याआधीही गावपातळीवर अशा नोंदी होत. ही वही ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखली जाते. तीत पुष्कळदा बालकाचे नाव नसते. पित्याचे नाव, जात आणि तारीख एवढेच असते.

शाळेचे जनरल रजिस्टर हे दुसरे महत्त्वाचे साधन आहे. त्यातील नाव, जात आणि जन्मस्थान सामान्यतः विश्वसनीय असले, तरी जन्मतारखेबाबत सावधगिरी बाळगावी लागते. पालकांना तारीख सांगता येत नसे, तेव्हा शिक्षक अंदाजाने वय ठरवून १ जून ही तारीख लिहीत. ग्रामीण भागातील अनेक ज्येष्ठांचा जन्मदिवस १ जून असण्याचे कारण हेच होय.

जनगणनेची व्यक्तिगत पत्रके शोधकाला पाहता येत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार ती गोपनीय असतात.

मोडी दप्तर

एकोणिसाव्या शतकातील व त्यापूर्वीचे मराठी दप्तर मुख्यतः मोडी लिपीत आहे. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर हा त्याचा सर्वांत मोठा संग्रह होय. कोल्हापूर, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय अभिलेखागारे आहेत. या कागदांत आडनाव अनेकदा नसते. पुरुषाची ओळख ‘बिन’ किंवा ‘वलद’ (अमक्याचा पुत्र) आणि विवाहित स्त्रीची ‘कोम’ (अमक्याची पत्नी) अशी दिलेली असते.

वतनाच्या तंट्यातील करीना, महजर आणि निवाडपत्रे विशेष उपयुक्त ठरतात. वादी-प्रतिवादी आपला हक्क सिद्ध करण्यासाठी अनेक पिढ्यांची नावे सांगत. मात्र दोन्ही पक्षांना निकाल आपल्या बाजूने हवा असल्याने ती कथने पारखूनच स्वीकारावी लागतात.

कालगणनाही समजून घ्यावी लागते. शालिवाहन शकात ७८ किंवा ७९, दक्षिणेतील फसली सनात ५९० किंवा ५९१ आणि शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले असता इसवी सन येतो.

मौखिक व धार्मिक साधने

नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूर अशा क्षेत्रांतील तीर्थोपाध्याय यजमानांची नावे गाववार वह्यांत उतरवून ठेवतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी गावोगाव फिरून कुळांची वंशावळ वाचून दाखवतात. या नोंदींमुळे लेखी दप्तरात नसलेली नावे मिळतात. तथापि कुळाचा संबंध प्रसिद्ध राजवंशाशी जोडण्याची प्रवृत्तीही त्यांत आढळते.

स्थलांतरित कुटुंबे

एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. तेथील मराठी भाषक कुटुंबांना आपले मूळ गाव शोधण्यासाठी त्या आधारभूत ठरतात. गावाचे नाव परक्या कारकुनाने ऐकून लिहिलेले असल्याने त्याचा मूळ उच्चार ओळखणे हेच तेथे खरे आव्हान असते.

कायदेशीर महत्त्व

महाराष्ट्रात वंशावळ हा केवळ जिज्ञासेचा विषय नाही. जात प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी अर्जदाराचे पूर्वजाशी असलेले नाते आणि पूर्वजाची जुनी नोंद दाखवावी लागते. त्यासाठीचा निर्णायक दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यानंतर मोडी वाचकांची मागणी वाढली.

मर्यादा

दप्तर ज्यांच्याकडे जमीन वा वतन होते त्यांच्याविषयी अधिक बोलते. भूमिहीन मजूर आणि भटक्या जमाती यांच्या नोंदी अत्यल्प आहेत. ज्यांना पुराव्याची गरज सर्वाधिक, त्यांच्याकडेच तो सर्वांत कमी असतो. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलत असल्याने मातृकुळाचा धागा एक-दोन पिढ्यांतच तुटतो. कसर, ओल आणि आग यांमुळेही गावोगावचे दप्तर नष्ट होत आले आहे. राज्य शासनाने ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जुन्या महसुली कागदांच्या प्रतिमा उपलब्ध केल्या आहेत. परंतु त्या वाचण्यासाठी मोडीचे ज्ञान आणि गावातील वृद्धांची स्मरणशक्ती या दोहोंची जोड अद्यापही लागते.