ब्रासचे कूळ आणि मोजणाऱ्याचा पेशा

महाड-पोलादपूरकडे बांधकाम काढले की खडी, रेती, मुरूम आणि डबर ब्रासने येतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, मेट्रिक हिशेबात २.८३ घनमीटर. वीर स्टेशनच्या आसपास एखाद्या कामावर डंपर लागला की माल ओतण्याआधी मुकादम हौद्यात फीत टाकतो. आतली लांबी १४ फूट, रुंदी ७ फूट आणि मालाची उंची ३ फूट भरली तर गुणाकार २९४ येतो, म्हणजे तीन ब्रासला सहा घनफूट कमी. माल मध्ये उंच आणि कडेला खाली असेल तर चार-पाच ठिकाणी उंची घेऊन सरासरी काढतात. त्या सहा घनफुटांचे पैसे कोणाच्या खात्यात जायचे, हे दोन्ही बाजूंना मान्य होईल असे ठरवणे हा क्वांटिटी सर्व्हेअरच्या पेशाचा गाभा आहे. पेशाचे नाव इंग्रजी आहे. मात्र ज्या मापावर तो इथे चालतो त्या ब्रासचे कूळ लंडनमध्ये सापडत नाही. ते बहुधा चौल-रेवदंड्याला सापडते.

मोजून पैसे देण्याची रीत या मुलखात जुनीच. महाड तालुक्यातच रायगड आहे. शिवाजी महाराजांनी १६७१-७२ च्या सुमारास गडकोटांच्या बांधकामासाठी केलेल्या तरतुदीची यादी उपलब्ध आहे. एकूण रक्कम १,७५,००० होन, त्यातले ५०,००० एकट्या रायगडाचे. सिंहगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, प्रतापगड अशा किल्ल्यांना प्रत्येकी १०,००० होन दिले आहेत. काम सुरू होण्याआधी कामवार रक्कम ठरवणे म्हणजे आजच्या भाषेत अंदाजपत्रकच. रायगडावर जगदीश्वराच्या देवळातील शिलालेखात गड बांधणाऱ्या हिराजीने काय काय उभारले ते ओळीने सांगितले आहे: विहिरी, तळी, बागा, रस्ते, स्तंभ, गजशाळा, राजमंदिरे. श्लोकाची भाषा गौरवाची आहे, पण मांडणी झालेल्या कामाच्या यादीची आहे.

शिवकाळात जमीन मोजायला पाच हात आणि पाच मुठींची काठी होती. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो एक बिघा. हात, मूठ, गज, काठी ही सगळी मापे ओळखीची आहेत. त्यांत ब्रास कुठेच बसत नाही. तो बाहेरून आला असावा, असे यावरून वाटते.

कुठून आला, याचे उत्तर पहिल्या झटक्यात इंग्रजीत शोधले जाते. ब्रास म्हणजे पितळ, तेव्हा सरकारी कोठीत ठेवलेल्या पितळी मापावरून नाव पडले असावे, असा एक तर्क. तो टिकत नाही. पितळी गजावरून नाव पडले असते तर ते लांबीच्या मापाला पडले असते, शंभर घनफुटांच्या ढिगाला नाही. शिवाय पितळी मापे कलकत्त्यात आणि मद्रासेतही होती. तिकडचे इंग्रज इंजिनिअरही शंभर घनफुटांवर दर काढत, पण त्या शंभराला ब्रास म्हणण्याची रीत रुजली ती जुन्या मुंबई इलाख्याच्या मुलखात, म्हणजे महाराष्ट्रात आणि गुजरातेत. इंग्रजीत जोडीला ब्रेस म्हणतात, पण जोडी आणि शंभर यांचा मेळ लागत नाही. फ्रेंच ब्रास हे वावेचे माप उच्चाराने तंतोतंत जुळते. फ्रेंचांची सत्ता मात्र पुदुचेरी-माहेकडे होती. कोकणच्या गवंड्याच्या तोंडी तिचा शब्द बसायला काही वाट दिसत नाही.

राहते पोर्तुगीज ब्रासा. दोन्ही हात पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर, म्हणजेच वाव. पोर्तुगालमध्ये तिची लांबी २.२ मीटर धरत, आणि तिचे दहा समान भाग असत. प्रत्येक भाग एक पाल्मो, म्हणजे वीत, २२ सेंटिमीटरची. एक ब्रासा लांब आणि एक ब्रासा रुंद जागेत शंभर चौरस पाल्मो मावतात. ब्रासचे शंभर इथून आले असावेत.

यावर आक्षेप सरळ आहे. घन ब्रासा काढला तर तो ३७५ घनफुटांच्या आसपास जातो, शंभर कुठले? पण ब्रास फक्त घनमाप नाही, हे आक्षेप घेणाऱ्याने लक्षात घ्यावे. फरशी, गिलावा, स्लॅबचे सेंटरिंग अशी कामे महाराष्ट्रात ब्रासनेच ठरतात, आणि तिथे ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद असा हा चौरस एक फूट जाडीचा धरला की शंभर घनफूट होतात. म्हणजे आधी क्षेत्राचा ब्रास आणि त्यावरून ढिगाचा. इंग्रजी अमलात विती गेल्या आणि फूट आले, तेव्हा दहा-दहाचा चौकोन तसाच राहिला असावा आणि नावही राहिले असावे. या स्थित्यंतराचा कागद समोर नसला तरी हिशेब इतका नेमका जुळतो की तो योगायोग मानणे जड जाते.

ब्रासासारखा शब्द मराठीत शेवटचा आकार गाळतो, याचे दाखलेही आहेत. पोर्तुगीज फिताची फीत झाली, पिपाचे पिंप झाले. त्याच चालीने ब्रासाचा ब्रास. आणि बांधकामाच्या जागेवर तो एकटा नाही. मेस्त्री हा पोर्तुगीज मेस्त्रे, घमेले म्हणजे गामेला, आणि शनिवारी हातावर पडतो तो पगारही तिकडचाच. मेस्त्री फितीने मोजतो, मजूर घमेल्याने माल टाकतात आणि ब्रासवर हिशेब होऊन पगार मिळतो. यातले चार शब्द पोर्तुगीज, हे सर्वमान्य आहे. पाचवाही त्याच घरचा मानायला हरकत कसली?

वाटही सापडते. चौलचा पोर्तुगीज किल्ला १५२१ मध्ये सुरू झाला आणि १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. वसई १५३४ ते १७३९. दोनशे वर्षे या दोन ठाण्यांवर तट, बुरूज, चर्च आणि कोठारे बांधली गेली, आणि हात तिथल्याच पाथरवट-गवंड्यांचे होते. महाड हे सावित्रीवरचे बंदर. भरतीबरोबर गलबते बाणकोटच्या खाडीतून आत येत आणि वाटेत दासगाव लागे, ते वीरच्या शेजारचेच. किनाऱ्यावरचे माप माल आणि कारागीर यांच्याबरोबर खाडीने आत आले असणार.

पेशाचे इंग्रजी कूळ यापेक्षा पुष्कळ स्पष्ट आहे. लंडन १६६६ मध्ये जळाले. पुन्हा बांधताना काम झाल्यावर ते मोजून पैसे देण्याचा रिवाज वाढला, आणि मोजणारे लोक वेगळे झाले. एकोणिसाव्या शतकात आधी भाव सांगून ठेका घेण्याची पद्धत आली. दहा ठेकेदारांनी एकाच नकाशावरून दहादा परिमाणे काढण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक मोजणारा नेमणे स्वस्त पडे. पुढे त्याची फी मालकाकडून मिळू लागली. १८३४ च्या आगीनंतर वेस्टमिन्स्टरचे नवे संसदभवन उभे राहिले, तेव्हा चार्ल्स बॅरीच्या नकाशांवरून परिमाणे काढण्याचे काम हेन्री हंट याने केले. १८६८ मध्ये सर्व्हेअरांची संस्था झाली आणि १९२२ मध्ये मोजण्याची प्रमाण पद्धत छापली गेली.

हिंदुस्थानात सरकारी नागरी कामांवर हा माणूस वेगळा असा आलाच नाही. डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले, आणि त्याला हाताखालची माणसे हवीत म्हणून पुण्यात १८५४ मध्ये इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. तिथून शिकलेला ओव्हरसियर काम आखायचा, करून घ्यायचा आणि मोजायचाही. मोजमाप पुस्तक, म्हणजे सर्वांच्या तोंडचे एमबी, त्याच्या हाती असे. पाने क्रमांकित, एकही फाडायचे नाही. नोंद शाईने करायची, चूक खोडरबराने न पुसता रेघ मारून सही करायची. नग, लांबी, रुंदी, उंची आणि परिमाण एवढे रकाने, आणि त्यांवर ठेकेदाराचे बिल उभे. काम करून घेणारा आणि मोजणारा एकच असणे, हा या व्यवस्थेचा मूळ दोष. तपासणीला वरचा अधिकारी ठेवून तो झाकता येतो, नाहीसा होत नाही.

महाराष्ट्राच्या बी-१ निविदेत परिमाणे आणि दर खातेच ठरवते, ठेकेदार फक्त इतके टक्के 'बिलो' किंवा 'अबव्ह' एवढेच भरतो. परिमाण चुकले तर चूक खात्याची. म्हणून मोजणाऱ्यावरचा भार इथे विलायतेपेक्षा हलका मुळीच नाही.

स्वतंत्र पेशा म्हणून क्वांटिटी सर्व्हेअर इथे टिकला तो लष्करात. मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसमध्ये सर्व्हेअरांची शाखाच निराळी आहे, आणि तिचे शिक्षण पुण्याला दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये चालते. खासगी कामांवर त्याला क्यूएस किंवा बिलिंग इंजिनिअर म्हणतात. टेंडरची परिमाणे, रेट अॅनालिसिस, आरए म्हणजे चालू कामाचे बिल, एक्स्ट्रा आयटम आणि शेवटी फायनल बिल हे त्याचे वर्षभराचे काम.

मोजण्याचे नियम आज भारतीय मानक १२०० मध्ये आहेत. गिलाव्याचेच पाहा. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे भोक वजा होत नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरचे असेल तर भिंतीच्या एकाच बाजूने वजा करतात, कारण दुसऱ्या बाजूचे क्षेत्र आतल्या कडांच्या गिलाव्यात भरून निघते असे धरले आहे. एक मीटर बाय २.१ मीटरचा नेहमीचा दरवाजा यातच बसतो. सव्वातीन चौरस मीटरची मोठी खिडकी असली तर ती दोन्ही बाजूंनी वजा, आणि कडा वेगळ्या मोजायच्या.

मोजमापाचा सर्वांत मोठा पसारा राज्याने पाहिला तो रोजगार हमीत. १९७७ च्या कायद्याने काम मागणाऱ्याला कामाचा हक्क मिळाला, आणि मजुरी खणलेल्या मातीवर ठरे. खड्ड्यात मध्ये न खणलेला मातीचा खुंट ठेवत, मूळ जमीन किती उंच होती याची ती साक्ष. त्या खुंटाची उंची कमी भरली तर मजुराच्या घरात धान्य कमी येई.

कोकण रेल्वे १९९३ मध्ये रोह्याहून वीरपर्यंत आली, तेव्हा भराव आणि कटाई घनमीटरमध्ये मोजली गेली. बांधकाम खात्याची दरसूचीही मेट्रिक आहे. मात्र गौण खनिजाचे स्वामित्वधन सरकार आजही ब्रासवर घेते, म्हणून २.८३ हा आकडा इथल्या प्रत्येक बिलिंगवाल्याला पाठ असतो.

चौल आणि वसईच्या तटांच्या कामाचे पोर्तुगीज हिशेब पणजीच्या पुराभिलेखागारात धुंडाळण्यासारखे आहेत. पोर्तुगीज वाचता येणाऱ्या आणि एमबी लिहिलेल्या एखाद्याने ते काम हाती घ्यावे. गवंड्यांना ब्रासावर पैसे दिल्याची एक ओळ जरी सापडली, तरी या कुळाचा निकाल लागेल.