टर्बो डिझेल पिकअप : ओढ कमी होण्याचे निदान

ओढ कमी होणे : इंजिन चालू असते, आवाजातही फारसा फरक नसतो, पण भरलेली गाडी चढाला मागे राहते आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी वेग धरत नाही, अशी स्थिती. नांदेड-लातूरच्या गॅरेजांत हिला ‘ओढत नाही’, ‘पिकअप घेत नाही’ किंवा ‘टर्बो मारत नाही’ म्हणतात. गाडी पिकअप आणि तक्रारही पिकअपचीच, म्हणून ‘पिकअपला पिकअप नाही’ या वाक्याला इथे कुणी हसत नाही. तिसऱ्या शब्दप्रयोगाने मात्र बरेच नुकसान केले आहे. तो ऐकला की दोष थेट टर्बोच्या माथी बसतो आणि हजारोंचा सुटा भाग बदलून झाल्यावर कळते, की फाटलेला रबरी पाइप होता.

या भागात पिकअप म्हणजे प्रामुख्याने महिंद्राची २,५२३ सीसी इंजिनाची बोलेरो पिकअप. तिच्या जोडीला टाटाची योद्धा. लातूरच्या बाजार समितीत येणारे सोयाबीन आणि तूर, नांदेडची हळद, अर्धापूरची केळी हा यांचा नेहमीचा माल. नांदेड गोदावरीकाठी आहे आणि लातूर बालाघाटाच्या पठारावर. राष्ट्रीय महामार्ग ३६१ ने लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणारी गाडी एकंदरीत चढतच जाते. ‘येताना तर मस्त आली होती’ असे सांगणारा चालक येताना उताराला होता, शिवाय रिकामा होता.

टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराने एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबून सिलिंडरात भरते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. लहान डिझेल इंजिनातला हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे १४.५ किलो हवा लागते. ती कमी पडली की ओल्या गोवरीच्या चुलीचे होते तेच होते, धूर जास्त आणि आच कमी. मे महिन्यात ४३ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ असते. उन्हाळ्यातली थोडीशी मरगळ म्हणजे बिघाड नव्हे. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या जाळीत माती आणि भुसा बसला असेल तर मात्र ती वाढते.

निदानाची पहिली पायरी इंजिनाबाहेरची आहे आणि नेमकी तीच वगळली जाते. आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. दहा-बारा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या हबजवळ हात न्यावा. एकच चाक भाजण्याइतके तापले असेल, तर ब्रेक धरून राहतो आहे आणि बिचारे इंजिन त्याच्याशी झगडते आहे. १.७ टनांच्या गाडीत अडीच टन भरले असतील, तर गॅरेजात येण्याचे कारणच नाही.

त्यानंतर धूर पाहावा. दाट काळा धूर म्हणजे डिझेलाच्या मानाने हवा कमी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर न जळलेले डिझेल किंवा सिलिंडरात शिरणारे कूलंट यांचा संशय घ्यावा. धूर नाही आणि ओढही नाही, तर डिझेलच कमी पोचते आहे किंवा संगणकाने ते मुद्दाम कमी केले आहे.

हवेच्या बाजूचे दोष मराठवाड्यात सर्वांत जास्त सापडतात, कारण काळ्या मातीची धूळ. सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत मळणीयंत्राशेजारी उभ्या राहिलेल्या गाडीचा एअर फिल्टर पंधरा दिवसांत बुजू शकतो. तो टायरवर आपटून झटकायची जी सवय आहे ती वाईट. कडेचे रबर वाकते आणि धूळ बगलेने थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. हवा मारायचीच तर कमी दाबाने, आतून बाहेर. फिल्टरनंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप बघावेत. गळती शोधायला इथली मातीच मदत करते. पाइपात ऑइलचा हलका थर नेहमी असतो; जिथून हवा निसटते तिथे ते बाहेर उडते आणि त्यावर धुळीचा काळा, चिकट पट्टा बसतो. बहुतेकदा तो क्लिपखाली असतो. पाइपाच्या खालच्या अंगाला बोट फिरवले की चीर लागते. वरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही. एकाने रेस द्यायची आणि दुसऱ्याने पाइप दाबून तो कडक होतो का पाहायचे, ही पद्धत सर्रास चालते, पण उभ्या गाडीत लोड नसल्याने टर्बोचा दाब पुरता तयारच होत नाही. खरी परीक्षा म्हणजे इंजिन बंद ठेवून पाइपांत सुमारे एक बार हवा भरणे आणि जोडांवर साबणाचे पाणी सोडणे.

टर्बोचा दाब आवरणाऱ्या ॲक्च्युएटरकडे बारीक नळ्या जातात. आखाड्यावर रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळ्या आणि वायरी उंदीर कुरतडतात.

डिझेलच्या बाजूला आधी फिल्टर. कॅनमध्ये साठवलेल्या डिझेलात पावसाळ्यात पाणी उतरते. फिल्टरखालचा स्क्रू सोडून ते काढता येते. कॉमन रेल इंजिनात एखादा इंजेक्टर ‘रिटर्न मारत’ असेल, म्हणजे परतीच्या नळीतून जादा डिझेल सोडत असेल, तर रेलमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या सामायिक नळीत, दाब टिकत नाही. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्यांना सारख्या बाटल्या लावल्या की दोषी लगेच कळतो. चालू इंजिनात रेलचा नट मात्र कधीही सैल करू नये. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

गाडी बंद करून चालू केली की बरी आणि पुढच्या चढाला पुन्हा तशीच, हे लिंप मोडचे, म्हणजे संगणकाने ताकद मुद्दाम कमी केल्याचे लक्षण. स्कॅनरवर पी-०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी-००८७ म्हणजे रेलचा दाब कमी. कोड फक्त लक्षण सांगतो. पी-०२९९ वाचून टर्बो बदलणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धुरातली काजळी धरणारा डीपीएफही सामान्यतः असतो. शेत ते बाजार अशा छोट्या, संथ फेऱ्यांत तो पुरेसा तापत नाही आणि तुंबतो. तो कापून पोकळ करून देणारे भेटतात. तो बदल बेकायदा आहे.

हे सारे तपासल्यावरच टर्बोला हात लावावा. इंजिन थंड असताना पाइप काढून दांडा बोटांनी हलवावा. आडवा किंचित हलला तर चालते. पुढे-मागे हलत असेल किंवा पाती घराला घासत असतील, तर टर्बो गेला. तो का गेला हे शोधणे त्याहून महत्त्वाचे. बहुतेक वेळा ऑइल आणणारी बारीक नळी जळक्या गाळाने बुजलेली असते, कारण चढ चढून आलेली गाडी क्षणभरही न थांबता बंद केली जाते. म्हणून टर्बोबरोबर ऑइल, ऑइल फिल्टर आणि ही नळी बदलावी, आणि पहिला सेल्फ मारण्यापूर्वी टर्बोत हाताने थोडे ऑइल सोडावे.