मार्च महिन्याची बिअर

आपल्या घरांतून चैत्र-वैशाखात पापड, कुरडया आणि लोणची यांची लगबग सुरू होते, ती केवळ हौसेखातर नव्हे. पुढे येणाऱ्या पावसाळ्याची ती बेगमी असते. ऋतूच्या धाकाने माणूस जे शहाणपण शिकतो, त्यातूनच पुष्कळदा एखादी चव जन्माला येते. जर्मनीच्या दक्षिणेकडील बव्हेरिया प्रांतातील 'मेर्त्सन' नावाची तांबूस बिअर ही अशाच बेगमीतून जन्मली. जर्मन भाषेत 'मेर्त्स' म्हणजे मार्च महिना. श्रोतेहो, मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या भाषणाचा हेतू नाही. एका चवीचा इतिहास सांगावा, एवढाच आहे.

प्रथम पेल्याकडेच पाहू. एखाद्या लहान मद्यशाळेत जुन्या रीतीने केलेली ही बिअर उजेडात धरली, तर तिचा रंग घासलेल्या तांब्यासारखा दिसतो. वास येतो तो भाजलेल्या पावाच्या खरपूस कडेचा. पहिल्या घोटास धान्याचा सौम्य गोडवा जाणवतो. पण तो जिभेवर रेंगाळत नाही. मागाहून हॉपच्या फुलांचा हलका कडवटपणा येतो आणि तोंड स्वच्छ होते. मद्यार्काचे प्रमाण शेकडा साडेपाच ते सहा, म्हणजे नित्याच्या बिअरहून थोडे अधिक. यातील प्रत्येक गुणाला कारण आहे, आणि बहुतेक कारणांना एक सनावळी आहे.

पहिले साल १५५३. उन्हाळ्यात केलेली बिअर लवकर बिघडे. म्हणून बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने आज्ञा काढली, की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करू नये. मग उन्हाळाभर लोकांनी प्यावे काय? मार्चमध्ये थोडी जास्त कडक बिअर करून ती तळघरांत साठवावी, हा त्यावर उपाय ठरला. हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरांत भरीत. वर जमिनीला सावली राहावी म्हणून चेस्टनटची झाडे लावीत. म्युनिकमधील झाडांखालच्या प्रसिद्ध बिअरबागांचे मूळ या तळघरांच्या सावलीत आहे. थंडीत महिनोन्‌महिने मुरल्यामुळे बिअरचा उग्रपणा जाई. 'लागर' या शब्दाचा अर्थच मुळी साठवण असा आहे.

रंगाचा इतिहास मात्र पुढचा. आपण नाचणीला मोड आणून, ती वाळवून सत्त्व करतो. तसेच सातूला मोड आणून, भट्टीत वाळवून माल्ट करतात. जुन्या भट्ट्यांत धूर थेट धान्याला लागे. त्यामुळे ते काळवंडे आणि धुरकट होई. १८३३ साली म्युनिकच्या श्पाटेन कारखान्याचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाजवळील श्वेखाटचा आंटोन ड्रेहर हे दोन तरुण इंग्लंड-स्कॉटलंडच्या कारखान्यांची पाहणी करण्यास गेले. पोकळ काठीत ते बिअरचे नमुने गुपचूप भरून घेत, ही हकीकत या व्यवसायाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. गरम हवेने धान्य वाळवण्याची ब्रिटिश पद्धत त्यांनी पाहिली, मापून घेतली आणि घरी आणली. १८४१ साली ड्रेहरने व्हिएन्नाची लालसर लागर बाजारात आणली. त्याच वर्षी झेडलमायरने म्युनिकमध्ये आपली मेर्त्सन काढली. आज आपल्याला भाजल्या पावाचा वास येतो, पण धुराचा येत नाही, तो या प्रवासामुळे.

आणखी एक गोष्ट एका हातातून दुसऱ्या हाती गेली. शेजारणीकडून विरजण मागून आणावे, तसे डेन्मार्कच्या याकोबसनने १८४५ साली झेडलमायरकडून किण्व, म्हणजे यीस्ट, कोपनहेगनला नेले. तेथील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत १८८३ साली एमिल ख्रिश्चन हान्सेन याने एका पेशीपासून शुद्ध किण्व वाढवले, आणि बिअरची चव दैवाधीन राहिली नाही.

म्युनिकच्या ऑक्टोबर-उत्सवाचा आरंभ १८१० साली युवराज लुडविगच्या विवाहानिमित्त झाला. पण तांबूस बिअरचा त्याच्याशी संबंध जडला तो १८७२ साली. त्या वर्षी कडक उन्हाळा पडला. शॉटेनहामेल नावाच्या विक्रेत्याकडची नित्याची बिअर संपली. तेव्हा गाब्रिएलचा बंधू योझेफ याने आपल्या कारखान्यात व्हिएन्ना धाटणीने केलेली मार्चची कडक बिअर पुरवली. किंमत जास्त असूनही ती लोकांना आवडली.

परंतु त्याच दशकात कार्ल फॉन लिंडे या प्राध्यापकाने शीतयंत्र सिद्ध केले, आणि त्याचा प्रयोग झाला तो श्पाटेनच्याच कारखान्यात! उन्हाळ्यातील बंदी १८५० मध्येच उठली होती; आता बर्फाचीही गरज उरली नाही. मार्च महिन्याचे माहात्म्य संपले. पिल्सेन येथे १८४२ साली निर्माण झालेल्या फिकट सोनेरी बिअरने हळूहळू सारे जग व्यापले. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाची लागर आपल्याच गावी विस्मृतीत गेली. म्युनिकच्या उत्सवातही १९७० च्या दशकापासून हलकी, सोनेरी बिअर येऊ लागली, आणि आज तेथील तंबूंत प्रामुख्याने तीच वाहते.

मग ही चव जगली कोठे? मेक्सिकोमध्ये व्हिएन्ना धाटणीचा एक क्षीण प्रवाह टिकून राहिला. अमेरिकेत जर्मन वंशजांचे पुष्कळ कारखाने १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत बुडाले होते. तेथे १९७८ च्या कायद्याने घरच्या घरी बिअर करण्यास मोकळीक मिळाली, आणि हौशी लोकांनी जुन्या रीती धुंडाळल्या. १९८८ साली ब्रुकलिन आणि क्लीव्हलंड येथे निघालेल्या लहान कारखान्यांनी तांबूस लागर पुन्हा बाजारात आणली. पुढे अशा मद्यशाळा अनेक देशांत झाल्या.

या लहान व्यावसायिकाला ही चव स्वस्त पडत नाही. लागर मुरेपर्यंत त्याची टाकी आठवडेच्या आठवडे अडकून पडते. तेवढ्या वेळात दुसरी, झटपट होणारी बिअर दोनदा विकून झाली असती. ड्यूकची आज्ञा आता नाही, उन्हाळ्याचा धाकही नाही. तरीही तो थांबतो. बव्हेरियाच्या लोकांना जे थांबणे हवामानाने भाग पाडले, ते त्याने आपण होऊन पत्करले आहे. त्या तांबूस पेल्यातला सौम्यपणा या थांबण्याचाच आहे.