वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा इतिहास

मूल झालेलं नाही, तरी अंगावर दूध उतरतं आणि पाळी महिनोन् महिने येत नाही. अशा बाईला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते आपल्याला ठाऊक आहे. कोणी वांझ म्हटलं, कोणी करणी म्हटलं, कुणाच्या घरात सवत आली. या दुखण्याचं मूळ डोक्यातही असू शकतं, हे डॉक्टरांनासुद्धा हळूहळूच कळत गेलं. ते कसं कळलं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका किंवा पिट्युटरी म्हणतात. गरोदरपणात ही ग्रंथी मोठी होते, असं एर्डहाइम आणि श्टुमे या डॉक्टरांनी १९०९ साली दाखवलं. पुढे १९२८ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग शहरात श्ट्रिकर आणि ग्रुटर यांनी या ग्रंथीचा अर्क सशाच्या माद्यांना टोचला, तेव्हा त्यांना दूध उतरलं. अमेरिकेत ऑस्कर रिडल कबुतरांचा अभ्यास करत होते. कबुतराचे नर-मादी दोघंही गळ्याच्या पिशवीत दुधासारखा पदार्थ बनवून पिलांना भरवतात. तो ज्या द्रव्यामुळे बनतो, त्याला त्यांनी 'प्रोलॅक्टिन' नाव दिलं.

माणसाच्या शरीरात हे द्रव्य वेगळं आहे का, हे मात्र बरीच वर्षं पक्कं होत नव्हतं. १९७१ च्या सुमारास कॅनडात हेन्री फ्रिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रक्तात मोजून दाखवलं, आणि मग कोडं सुटलं. काही बायकांच्या या ग्रंथीत छोटी गाठ होते आणि ती गाठ प्रोलॅक्टिन फार बनवते. बाळाला पाजणाऱ्या बाईची पाळी लांबते ना, तसंच इथे होतं. बाळ नसतानाच शरीर पाजणाऱ्या बाईसारखं वागू लागतं. ही गाठ बहुधा कॅन्सरची नसते.

औषध सापडलं ते एका बुरशीतून. आपल्या बाजरीच्या कणसावर अरगट पडतो. त्याच जातकुळीची बुरशी युरोपात राय नावाच्या धान्यावर पडते. तिथल्या सुईणी कळा वाढवायला ती देत, पण तिने जीवही जात. त्या बुरशीतल्या द्रव्यावर काम करून स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात फ्ल्युकिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ब्रोमोक्रिप्टिन' तयार केलं. १९७१ पासून त्याचे बायकांवरचे अनुभव छापून येऊ लागले. प्रोलॅक्टिन उतरलं, पाळी सुरू झाली, दिवसही राहू लागले.

मग नवी काळजी उभी राहिली. गरोदरपणात ग्रंथी आधीच वाढते, त्यात गाठही वाढली तर? ग्रंथीच्या अगदी वर डोळ्यांच्या नसा असतात. त्या दबल्या की बाजूचं दिसेनासं होतं. औषधाने बाळाला काही होईल का, हीही भीती होती. १९८२ मध्ये १,४१० गरोदरपणांची नोंद तपासली गेली, तेव्हा बाळांमध्ये व्यंगाचं प्रमाण इतर बाळांपेक्षा जास्त आढळलं नाही. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ असेल, तर गरोदरपणात त्रास शंभरात साधारण दोन-तीन जणींनाच होतो. मोठ्या गाठीत धोका कितीतरी जास्त असतो.

म्हणून या इतिहासातून आम्ही तीन गोष्टी गाठीला बांधल्या आहेत. पहिली, बाळ नसताना दूध आणि पाळी बंद, असं असेल तर प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी करून घ्यायची. कारण थायरॉइड किंवा एखादी गोळीही असू शकते. दुसरी, गाठीवर उपचार चालू असताना दिवस राहिले, तर औषध बंद करायचं की चालू ठेवायचं हे स्वतः ठरवायचं नाही. लगेच डॉक्टरांना सांगायचं. तिसरी, गरोदर बाईचं डोकं सारखं दुखत असेल किंवा नजर अंधुक होत असेल, तर बाम चोळून बसायचं नाही. तसं रक्तदाब वाढल्यानेही होतं, आणि तेही तितकंच धोक्याचं. त्याच दिवशी आशाताईंना गाठा, दवाखान्यात जा.

आणि गटातली एखादी बाई हे दुखणं सांगायला कचरत असेल, तर तिच्यासोबत तपासणीला कोणी जायचं, हे गटाने बैठकीतच ठरवावं. तिची कूस दोषी नाही, हे तिच्या सासरी सांगायलाही तीच सोबत उपयोगी पडते.