काशी घरी आणणारी माणसं : वडीलधाऱ्यांच्या यात्रेचा थोडा इतिहास

‘मावंदं’ हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. काशीयात्रा करून माणूस सुखरूप परत आला की गंगेची पूजा करून गावाला जेवण घालायचं, त्याला मावंदं म्हणत. हे जेवण जाताना नव्हे, परत आल्यावर असायचं. कारण परत येण्याची खात्री नसे. निघण्याआधी देणंघेणं मिटवायचं, शेतीवाडीची निरवानिरव करायची, सगळ्यांचा निरोप घ्यायचा. म्हातारा माणूस निघाला असेल तर घरचे वेशीपर्यंत पोहोचवायला जात आणि पाहून घेत.

आज मुलगा मोबाईलवर आईचं विमानाचं तिकीट काढतो आणि जाण्याच्या दोन दिवस आधी माझ्याकडे फिटनेस सर्टिफिकेटसाठी घेऊन येतो. मी आईचं बीपी पाहतो, पायावर सूज आहे का ते दाबून पाहतो, छाती तपासतो. मग मुलाला म्हणतो, ‘आता सहलीचा कागद दाखवा.’ तो चक्रावतो. पण माझ्या अनुभवात वयस्कर प्रवासी आजारी पडतात ते बहुतेक वेळा त्या कागदामुळेच. पहाटे चारला उठणे, सहा तास बस, दोन तास रांग, उशिरा जेवण, पुन्हा चार तास बस. नऊ दिवसांत अकरा ठिकाणं. असा कार्यक्रम माझ्या वयाला, म्हणजे पन्नाशीतही, झेपणार नाही.

जुनी माणसं तर याहून कितीतरी लांब जात होती, तीही पायी. मग त्यांचं कसं निभत होतं?

आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. म्हणजे सरासरी दिवसाला चौदा-पंधरा किलोमीटर. वेळापत्रक बघा. सकाळचा विसावा, दुपारचं भोजन आणि विसावा, मग संध्याकाळचा मुक्काम. ‘विसावा’ हा वेळापत्रकातला अधिकृत शब्द आहे, त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. आणखी एक गोष्ट मला डॉक्टर म्हणून फार आवडते. पुणे ते सासवड ही चाल सर्वांत लांब, त्यात दिवेघाटाची चढण. म्हणून पुण्यात दोन रात्री मुक्काम, मग घाट, आणि घाट चढून गेल्यावर सासवडला पुन्हा दोन रात्री. कठीण दिवसाच्या आधीही विश्रांती आणि नंतरही. आजच्या भाषेत याला वर्कलोड मॅनेजमेंट म्हणतात आणि त्यासाठी क्रिकेटपटूंना वेगळा माणूस नेमून देतात.

दुपारच्या जेवणानंतरच्या विसाव्यालाही शास्त्र आहे. भरपेट जेवणानंतर रक्ताचा मोठा हिस्सा आतड्यांकडे जातो. तरुणपणी हृदयाची गती आणि रक्तवाहिन्या लगेच जुळवून घेतात. सत्तरीनंतर ही यंत्रणा मंद होते आणि बीपी उतरतं. महाप्रसादाच्या पंगतीत मांडी घालून अर्धा तास बसलेले आजोबा झटकन उठतात आणि डोळ्यांसमोर अंधारी येऊन पडतात, ते यामुळे. बीपीची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर आणखीच. खुर्चीवर बसून जेवावं, उठल्यावर आधार धरून मिनिटभर उभं राहावं, मग चालावं. आणि जेवणानंतर तासभर तरी कुठलंही ‘दर्शन’ ठेवू नये.

जुन्या काळी सगळं छान होतं असं मात्र मी म्हणणार नाही. १८६७ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात कॉलरा पसरला आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर तो उत्तर हिंदुस्थानभर गेला. आपल्या पंढरपूरच्या यात्राही कॉलऱ्याच्या भीतीतून सुटल्या नव्हत्या. त्यात रेल्वे आली. १८५३ साली मुंबई-ठाणे, १८६३ साली बोरघाट, आणि १८७० साली मुंबईहून थेट कलकत्त्यापर्यंत रूळ जोडले गेले. काशी काही महिन्यांवरून काही दिवसांवर आली. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपूरला पोहोचली. ज्यांच्या पायांत बळ नव्हतं अशा म्हाताऱ्यांना पहिल्यांदाच देव जवळ आला. पण यात्रेच्या दिवसांत माणसं मालडब्यांत भरून नेत, आणि कॉलराही त्याच वेगाने प्रवास करू लागला. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाबद्दल लिहिलं, त्यात डब्यातल्या घाणीचं आणि शौचकूपांचं वर्णन आहे.

कॉलऱ्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय मोठ्या प्रमाणावर वापरात यायला मात्र १९७१ साल उजाडलं. बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने द्यायला सुरुवात केली आणि मृत्यूचं प्रमाण कितीतरी खाली आलं. आतड्यात साखर आत शिरताना मिठाला बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्यामागे पाणी जातं, एवढंच त्याचं तंत्र. आजही यात्रेच्या पिशवीत ओआरएसची चार पाकिटं हवीतच. जुलाब होत असतील तर डायबेटिस असलेल्यांनीही ते घ्यावं, त्यातल्या साखरेला घाबरू नये. फक्त हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्यांनी किती प्यायचं ते आधी विचारून ठेवावं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक स्पष्ट बोलतो. आपल्या आया-आज्या प्रवासात पाणीच पीत नाहीत. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही, ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगायची लाज वाटते, म्हणून सकाळपासून घोटभर चहावर राहतात. कित्येक जणी लघवीची गोळीही परस्पर बंद करतात. म्हातारपणी मुळात तहानेची जाणीव बोथट होते आणि किडनीची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होते. तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ, थंडी-ताप, कधी कधी असंबद्ध बडबड. घरचे म्हणतात, ‘आईला वारं बाधलं.’ वारं नाही, पाणी बाधलं, न प्यायलेलं. म्हणून मार्ग ठरवताना देवळांच्या आधी स्वच्छतागृहं ठरवा. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबली पाहिजे, कुणी मागणी केली नाही तरी. थांबल्यावर चार पावलं चालणंही होतं आणि पायांच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. लघवीची गोळी बंद करायची नसते. तिची वेळ बदलता येईल का, हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा.

आता पायऱ्या. पुण्याची पर्वती नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास बांधली. तिच्या १०३ पायऱ्या रुंद आणि ठेंगण्या आहेत. हत्तीला चढता यावं म्हणून तशा केल्या, असं पुण्यात सांगतात. हत्तीसाठी असो वा नसो, गुडघ्यांसाठी ती रचना उत्तम आहे. पायरी जितकी उंच तितका गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवरचा दाब वाढतो. चढताना धाप लागते म्हणून लोक चढण्याला घाबरतात, पण गुडघे दुखतात ते उतरताना. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो, ब्रेक लावल्यासारखा. ‘चढवलं ना वर? मग उतरणं काय!’ हा हिशेब त्यामुळे उलटा आहे. सप्तशृंगगडावर सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. पूर्वी डोली होती, २०१८ पासून ट्रॉली आहे. ट्रॉलीने गेल्यावर पुण्य कमी मिळतं असं मानणारे आजोबा मला भेटतात. मी त्यांना विचारतो, डोलीत बसून गेलेल्यांचं कमी झालं होतं का?

लांब जाणं ज्यांना खरोखरच झेपणार नाही, त्यांची सोय आपल्या जुन्या माणसांनी करून ठेवलेली आहे, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चार पैसे दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडावं म्हणून चुलत्यांबरोबर उत्तरेत गेले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, मिळालेलं सगळं लुटलं गेलं. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापलेलं त्यांचं ‘माझा प्रवास’ त्या झाशीसाठीच लोक वाचतात. मला त्यातला शेवट जास्त लक्षात राहतो. पैसा राहिला नाही, पण हा गृहस्थ गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी घरी आला आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. म्हातारे गंगेपर्यंत गेले नाहीत, गंगा त्यांच्यापर्यंत आली. त्यांची यात्रा अपुरी राहिली असं त्या घरात कुणाला वाटलं नसणार.

तसंच वाईचं. तिला दक्षिण काशी म्हणतात. माझ्याकडच्या सत्तरी ओलांडलेल्या जोडप्यांना मी लांबच्या सहलीऐवजी पुष्कळदा वाई सुचवतो. पुण्याहून अंतर साधारण नव्वद किलोमीटर. सकाळी न्याहारी करून निघा, मध्ये एकदा थांबा, जेवायच्या आत मुक्कामी. जेवून झोपा. उन्हं उतरल्यावर गणपती घाटावर जा. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं. देवळाची मागची भिंत नुसती सपाट नाही, माशासारखी निमुळती केली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. शेजारी काशीविश्वेश्वर आहे, त्याच्यासमोर मोठा काळा नंदी. म्हणजे काशी झालीच. घाटावर वरच्या पायरीवर बसा, खाली पाण्यापर्यंत उतरू नका, शेवाळ असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीनेक किलोमीटरवरचं मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा अर्धचंद्राकार घाट. तिथल्या देवळापाशी टांगलेली मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज चर्चची आहे, तिच्यावर येशूला घेतलेली मेरी दिसते. आजोबांना इतिहासाची आवड असेल तर या एका घंटेवर अर्धा तास सहज जातो. (नातवंडांना ‘स्वदेस’चं चित्रीकरण इथे झालं एवढं सांगितलं तरी पुरे.) वाड्याचे जिने अरुंद आणि उभे आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी चौकात बसावं, वरची चित्रं दुसऱ्याच्या मोबाईलवर पाहावीत. दुपारी मुक्कामावर परत. एवढंच. परतीच्या दिवशी दम असेल तर साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटांची विहीर, तीही वरून.

मोसम हिवाळ्याचा धरा, पण कृष्णाबाईच्या उत्सवाचे दिवस टाळा. तो उत्सव सुंदर असतो, गर्दी मात्र तितकीच.

डायबेटिस असलेल्यांसाठी एक सूचना, कारण दरवर्षी उन्हाळ्यात असे एक-दोन पाय माझ्याकडे येतात. देवळात अनवाणी जावं लागतं. दुपारी बाराच्या उन्हात काळा दगड तव्यासारखा तापतो. तरुण माणूस उड्या मारत सावलीत पळतो. ज्यांच्या तळव्यांची संवेदना गेली आहे ते शांतपणे प्रदक्षिणा पूर्ण करतात आणि रात्री मोजे काढताना फोड दिसतात. ते फोड महिनोन्‌महिने भरत नाहीत. म्हणून दर्शन सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी. जाड सुती मोजे घाला, बहुतेक देवळांत चालतात. रोज रात्री तळवे दुसऱ्या कुणीतरी उजेडात पाहावेत. उपास आणि रांग एकाच दिवशी नको. इन्सुलिन किंवा शुगर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल तर खिशात साखर हवीच.

औषधं सामानाच्या बॅगेत टाकू नका. सामान गाडीच्या टपावर आणि गोळ्या सामानात, हा प्रकार मी नेहमी ऐकतो. जितके दिवस जाणार त्यापेक्षा चार दिवसांच्या जास्त गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. एका कागदावर आजार, औषधांची नावं, ॲलर्जी आणि मुलाचा नंबर लिहून तो कागद आजींच्या पर्समध्ये आणि आजोबांच्या खिशात, असा दोन्हीकडे ठेवा. कारण चुकामूक होते ती देवळातच. पुरुषांची रांग एकीकडून बाहेर पडते, बायकांची दुसरीकडून.