ऋण, जामीन आणि गडाच्या किल्ल्या

येलहंक्यात राहणाऱ्या माणसाला विमानाच्या घरघरीची इतकी सवय होते की, ती थांबली म्हणजेच त्याचे लक्ष वेधले जाते. हवाई दलाचा तळ, सीमा सुरक्षा दल व केंद्रीय राखीव पोलीस दल यांची केंद्रे आणि १९८४ पासून चालू असलेला रेल्वेचा चाक-कारखाना यांच्या आधाराने येथे जी मराठी कुटुंबे येऊन स्थिरावली, त्यांतूनच आपल्या मंडळास अनेक सभासद लाभले. १९९६ पासून भरणाऱ्या विमान-प्रदर्शनामुळे येलहंक्याचे नाव जगभर गेले. पण आपल्या घरांतील बोलणे बदली, बढती, मुलांची परीक्षा आणि निवृत्तिवेतन यांभोवतीच फिरत राहिले. त्या बोलण्यात एक प्रश्न मात्र नेहमी दबक्या आवाजात येतो. वडिलांचा धंदा बुडाला, बँकेचे हप्ते थकले, प्रकरण न्यायालयात गेले. आता मुलाला सैन्यात किंवा संरक्षण-संशोधनात विश्वासाची जागा मिळेल काय? सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात आम्ही या प्रश्नाचा माग इतिहासात घ्यावयाचे योजले आहे, कारण तो वाटतो तितका नवा नाही.

प्रारंभ घराजवळूनच करू. १५३७ मध्ये बेंगळुरू वसविणारे केंपेगौडा हे येलहंक्याचे नाडप्रभू, विजयनगरचे मांडलिक. परंपरा असे सांगते की, सम्राटाच्या आज्ञेवाचून त्यांनी आपल्या नावे नाणे पाडले, म्हणून त्यांना आनेगोंदीस कैदेत ठेवण्यात आले आणि पुढे दंड भरल्यावर त्यांचा मुलूख त्यांना परत मिळाला. या कथेतील तपशील कोणी कमीअधिक मानोत. पैशाच्या व्यवहारावरून स्वामीचा विश्वास जातो आणि हिशेब चुकता केल्यावर तो पुन्हा मिळू शकतो, ही समजूत मात्र तीत स्पष्ट दिसते. १६३८ मध्ये रणदुल्लाखान व शहाजीराजे यांनी बेंगळुरू घेतले आणि शहाजीराजांना हा मुलूख जहागिरीत मिळाला. तेव्हा या मातीशी आपला संबंध बदलीच्या हुकुमाने जडलेला नाही, त्याहून बराच जुना आहे, हे जाता जाता नमूद करण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

माणूस विश्वासू आहे हे राज्याने ओळखावे कसे, या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर शहाजीराजांच्या पुत्राच्या कारभारात सापडते. १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या ग्रँट डफने लिहून ठेवले आहे की, शिवाजीमहाराज चाकरीस येणारा प्रत्येक माणूस स्वतः पाहून घेत. आणि जो ओळखीचा नसे त्याच्या इमानाबद्दल व वर्तनाबद्दल आधीपासून चाकरीत असलेल्या कोणाचा तरी जामीन घेत. या जामिनाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. नवा माणूस श्रीमंत आहे की दरिद्री, हे त्यात विचारले जात नसे. मावळातून येणारा शिपाई बहुधा दरिद्रीच असावयाचा. त्याला ओळखणारा कोणी आहे काय आणि तो आपली अब्रू याच्यासाठी गहाण ठेवील काय, एवढेच विचारले जाई.

त्यापुढची व्यवस्था अधिक बोलकी आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत गडाचा कारभार हवालदार, सबनीस व सरनोबत अशा तिघांत वाटलेला दाखविला आहे. गड एकट्याच्या हाती नाही, म्हणून एकट्याच्या अडचणीने तो जाणारही नाही, हा त्यामागील हेतू. लष्कर मोहिमेवर निघताना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची मोजदाद होई आणि परतल्यावर झडती घेऊन जास्तीचे काय आले ते पाहिले जाई. आजच्या भाषेत ज्याला संपत्तीचे विवरणपत्र म्हणतात, त्याचेच हे जुने रूप नव्हे काय? शिवाय, वतने व जहागिरी तोडून देण्यापेक्षा रोख वेतन देण्याकडे महाराजांचा कल होता. चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या जुमलेदारांना १६७० च्या दशकात पाठविलेले त्यांचे पत्र प्रसिद्धच आहे. दाणागोटा बेताने वापरा, तो संपला तर तुम्ही रयतेच्या घरात शिराल, हा त्याचा आशय. त्या पत्रात शिपायाच्या स्वभावाला दोष दिलेला नाही. टंचाई माणसाला कोठे नेते याची जाण त्यात आहे, आणि ती टंचाई येऊ न देण्याची जबाबदारी अधिकाऱ्यांवर टाकलेली आहे. आमच्या मते या विषयावरचा हा सर्वांत शहाणा मराठी कागद होय.

शत्रूचा किल्लेदार पैशाने फुटतो, याचा अनुभव मराठ्यांनी दुसऱ्या बाजूनेही घेतला. १७५९ मध्ये निजामाचा किल्लेदार कवीजंग यास पैका चारून पेशव्यांनी अहमदनगरचा किल्ला मिळविला. ज्या तटावर तोफा डागावयाच्या, तो तट थैलीने उघडला. पेशव्यांच्या पदरच्या मुत्सद्द्यांना त्याचे कौतुक वाटले असेल. परंतु आपल्याही एखाद्या किल्लेदाराला कोणी असाच गाठील, ही धास्ती त्यानंतर कोणत्या शहाण्या राज्यकर्त्याला वाटली नसेल?

म्हणून कर्जबाजारी माणूस सैन्यास अपात्रच, असे म्हणावे तर थोरल्या बाजीरावांना कोठे बसवावयाचे? त्यांच्या मोहिमा कर्जावर चालल्या. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून त्यांनी सावकारांच्या तगाद्याचे दुःख उघड केले आहे; आणि स्वामी स्वतःच त्यांच्या सावकारांपैकी एक होते! थोरल्या माधवरावांनी १७७२ मध्ये थेऊर येथे अंतकाळी ज्या गोष्टींची तजवीज लावावयास सांगितली, त्यांत कर्जाची फेडही होती. या दोघांच्या निष्ठेवर कोणी बोट ठेवले नाही. त्यांचे ऋण राज्यासाठी काढलेले होते, दफ्तरात नोंदलेले होते आणि ते फेडावयाचे आहे हे त्यांनी कधी नाकारले नाही. पुढे पाहावयाचे सगळे नियम या तीन गोष्टींभोवतीच फिरतात, असे आम्हांस दिसून आले.

इंग्रजी अमदानीत बेंगळुरूची छावणी १९ व्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी राहिली. गोऱ्या अधिकाऱ्याचे कर्ज तेथे जवळजवळ शिष्टसंमत होते. १८९६ मध्ये येथे आलेला विन्स्टन चर्चिल नावाचा तरुण लेफ्टनंट पोलोच्या घोड्यांसाठी देशी सावकारांकडून सहज कर्ज कसे मिळे, हे आपल्या आत्मचरित्रात खुशीत सांगतो. १८९९ च्या बेंगळुरू क्लबच्या नोंदवहीत वसूल न होणाऱ्या रकमांमध्ये त्याच्या नावापुढील तेरा रुपये आजही पाहावयास मिळतात. त्या तेरा रुपयांनी त्याचे काही अडले नाही. पुढे एका साम्राज्याची सारी गुपिते त्याच्या हाती आली.

देशी शिपायाचे कर्ज निराळे होते. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकरी सुप्यापासून उठले आणि त्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैद करणे बंद केले. याच भागांतून मराठा पलटणींचे जवान येत. पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियात लढत असताना गावी त्यांच्याविरुद्ध दावे लागत आणि हजर राहण्यास कोणी नसल्यामुळे ते एकतर्फी निकालात निघण्याचे भय असे. म्हणून १९१८ मध्ये आणि पुन्हा १९२५ मध्ये हिंदी सैनिकांच्या दाव्यांसंबंधी कायदे करण्यात आले. शिपाई आघाडीवर असेतोवर त्याच्याविरुद्धचे काम तहकूब ठेवावे, असा त्यांचा गाभा. ज्याच्या घरावर जप्ती येणार आहे त्याचे चित्त पहाऱ्यावर नसते, हे सरकारला उमगले होते. स्वतंत्र भारताच्या १९५० च्या सेना कायद्यानेही सेवेतील माणसाला कर्जापायी अटकेपासून संरक्षण दिले. कर्ज मात्र त्याने माफ केलेले नाही, हे विसरू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. केंद्र सरकारच्या सेवेत शिरताना जो साक्षांकन-अर्ज भरून द्यावा लागतो, त्याचा भर राहण्याची ठिकाणे, शिक्षण, पूर्वीच्या नोकऱ्या, अटक, खटले व शिक्षा यांवर असतो आणि माहिती दडविल्यास नेमणूक जाईल अशी सूचना त्यावर ठळक असते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवतारसिंग यांच्या प्रकरणात अशा दडवणुकीविषयी सविस्तर तत्त्वे घालून दिली. ते प्रकरण फौजदारी खटल्यांविषयीचे होते. तरी खरे सांगणाऱ्याचा विचार एका रीतीने आणि लपविणाऱ्याचा दुसऱ्या रीतीने व्हावा, हा त्यातील विवेक सर्वत्र लागू पडणारा आहे. वडिलांच्या बुडालेल्या धंद्याचा भार मुलाच्या चारित्र्यावर आपोआप पडत नाही. मात्र मुलगा त्या कर्जास जामीनदार म्हणून सही करून बसला असेल, तर ते त्याचेही कर्ज होते. आपल्या घरांत अशा सह्या फार सहज होतात.

नोकरीत शिरल्यावर नियम अधिक स्पष्ट आहेत. डीआरडीओच्या प्रयोगशाळांतील नागरी कर्मचाऱ्यांना, आणि एकूणच संरक्षण सेवांतील नागरिकांना, १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम लागू आहेत. त्यांतील सतराव्या नियमाप्रमाणे कर्मचाऱ्याने नित्य कर्जबाजारीपणा व दिवाळखोरी टाळावी. कर्जवसुलीचा दावा लागल्यास त्याची संपूर्ण हकीकत ताबडतोब सरकारला कळवावी. आणि आपले संकट अकल्पित होते, ते आपल्या हातचे नव्हते व उधळेपणातून आले नव्हते, हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावरच राहील. नियम कठोर खरा. परंतु आजारपण, मृत्यू, बुडालेला भागीदार यांना त्याने जागा ठेवली आहे, आणि ती जागा कागदपत्रांवाचून मिळत नाही.

ज्यांची मुले अमेरिकेत नागरिक होऊन स्थायिक झाली आहेत, त्यांना हाच प्रश्न तेथील ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’च्या रूपाने भेटतो. तेथे अर्जातच सात वर्षांतील दिवाळखोरी, थकलेला कर, जुगारातील नुकसान व तुंबलेली देणी विचारली जातात. याला कडू अनुभव कारणीभूत आहेत. नौदलातील जॉन वॉकर १९६७ च्या सुमारास तोट्यात चाललेल्या मद्यगृहामुळे अडचणीत आला आणि सांकेतिक लिपीच्या चाव्या सोव्हिएत वकिलातीस विकू लागला. १९८५ मध्ये तो पकडला गेला. त्याच वर्षी गुप्तचर संस्थेतील ऑल्ड्रिच एम्स घटस्फोटानंतरच्या देण्यांचे निमित्त करून पन्नास हजार डॉलरांना फितूर झाला. त्याचे कर्ज कोणाला खुपले नाही, आणि नंतर त्याने रोखीने घेतलेले घर व उंची मोटारही बराच काळ कोणाला खुपली नाही! १९९४ मध्ये त्याला अटक झाल्यावर पुढील वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने आर्थिक माहिती देण्याचे बंधन घातले गेले. तरीही २०१७ पासून अमलात आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत नोकरी जाणे, आजार, कुटुंबातील मृत्यू यांसारखी हातची नसलेली कारणे, जबाबदारीने वागल्याचा पुरावा आणि प्रामाणिकपणे चालविलेली फेड ही अर्जदाराच्या बाजूने मोजली जातात. तेथे दिवाळखोरी जाहीर केलेल्यालाही मान्यता मिळू शकते. ती लपविणाऱ्याची मात्र कठीण अवस्था होते.

म्हणून ज्या घरात असे संकट येऊन गेले असेल, त्या घराने बँकेशी झालेल्या तडजोडीचे पत्र, हप्त्यांच्या पावत्या, रुग्णालयाची देयके आणि न्यायालयाचे आदेश जपून ठेवावेत. कर्ज फिटल्याचा दाखला मागून घ्यावा. पुष्कळ जण शेवटचा हप्ता भरून तसेच उठतात. मुलांना घरातील हिशेब माहीत असावा, म्हणजे विचारणा झाली असता त्यांचे व वडिलांचे उत्तर एकच येते.

आणखी एक लहान गोष्ट. त्या साक्षांकन-अर्जाच्या अखेरीस उमेदवाराला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे मागितलेली असतात. महाराजांच्या जामिनाचाच हा पातळ झालेला वंशज. दर तीन-चार वर्षांनी गाव बदलणाऱ्या कुटुंबातील मुलाला ही दोन नावे आठवत नाहीत, आणि मग तो गणेशोत्सवात भेटलेल्या कोणा काकांचे नाव त्यांना न विचारताच लिहून मोकळा होतो. पोलीस चौकशीला येतात तेव्हा काका गोंधळतात. मंडळातील ज्येष्ठांनी अशा मुलांना आधी घरी बोलवावे, त्यांच्या आईवडिलांशी बोलावे, आणि मगच आपले नाव लिहू द्यावे.