छोटी एसयूव्ही, मागे ट्रेलर : ओढण्याआधी थांबवण्याचा विचार

अमेरिकेत मे महिन्याच्या अखेरीस येणाऱ्या ‘मेमोरियल डे’पासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या ‘लेबर डे’पर्यंतचा काळ हा भटकंतीचा हंगाम मानला जातो. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही या दिवसांत राष्ट्रीय उद्यानांकडे वळतात. तंबूत दोन-तीन हंगाम काढले आणि एखाद्या रात्री पावसाने गाठले, की छोट्या कॅम्पर ट्रेलरचा विचार डोकावू लागतो. तळ्याकाठी राहणाऱ्यांना होडी खुणावते. दारात उभी असलेली गाडी बहुधा टोयोटा आरएव्ही-४, होंडा सीआर-व्ही किंवा सुबारू फॉरेस्टर यांच्या जातकुळीतली असते. मग पहिला प्रश्न विचारला जातो तो, ‘आपली गाडी एवढे ओढेल का?’ माहितीपत्रकात त्याचे उत्तर एका आकड्यात मिळते आणि बहुतेक जण तेथेच थांबतात. वास्तविक खरा हिशेब त्या आकड्यानंतर सुरू होतो.

आजची इंजिने पुरेशी ताकदवान आहेत. सपाट रस्त्यावर छोटी एसयूव्ही तिच्या मर्यादेपेक्षा बरेच जास्त वजन सहज ओढून नेईल आणि चालकाला काही वावगे जाणवणारही नाही. अडचण येते ती उतारावर, वळणावर, शेजारून मालट्रक वेगाने गेल्यावर किंवा अचानक ब्रेक दाबावा लागल्यावर.

एकच गाडी, दोन आकडे

ओढण्याच्या क्षमतेचा आकडा हा गाडीच्या पोलादाइतका पक्का नसतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. २०१९ मध्ये बाजारात आलेल्या पिढीतील आरएव्ही-४ हायब्रिडला अमेरिकेत १७५० पौंड, म्हणजे सुमारे ७९५ किलो ओढण्याची मुभा होती. त्याच पिढीच्या चारही चाकांना जोर देणाऱ्या हायब्रिडला युरोपात मात्र १६५० किलोंची परवानगी मिळाली. गाडी जवळपास तीच आणि आकडा दुप्पट!

यामागे चाचण्यांचा आणि वापराच्या रिवाजाचा फरक आहे. युरोपीय नियमांनुसार गाडीने भरलेल्या ट्रेलरसह १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघून दाखवावे लागते. अमेरिकेत ‘एसएई जे-२८०७’ हे मानक वापरले जाते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले हे मानक ऐच्छिक आहे. त्यातील सर्वांत कठीण कसोटी ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या चढाची. सुमारे अठरा किलोमीटरचा हा चढ ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून चढायचा आणि वेग ताशी ६४ किलोमीटरखाली येऊ द्यायचा नाही, अशी अट आहे. शिवाय युरोपात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा कमी असते. जर्मनीत विशेष परवानगी नसेल, तर महामार्गावरही ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जाता येत नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत तशी वेगळी मर्यादा नाही. कॅलिफोर्निया हा त्यातील अपवाद : तेथे ट्रेलर ओढणाऱ्या कोणत्याही वाहनाला ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे आणि उजवीकडच्या मार्गिकेतून चालण्याचे बंधन आहे.

एकाच नावाच्या गाडीतही प्रकारागणिक आकडा बदलतो. याच पिढीतील साध्या पेट्रोल आरएव्ही-४ला अमेरिकेत १५०० पौंडांची (६८० किलो) मर्यादा होती, तर ‘ॲडव्हेंचर’ या प्रकाराला ३५०० पौंडांची (सुमारे १५९० किलो). फॉरेस्टरचा नेहमीचा आकडा १५०० पौंड असताना २०२२च्या ‘वाइल्डरनेस’ आवृत्तीला ३००० पौंडांची मुभा मिळाली. २०२३च्या सीआर-व्हीमध्ये पेट्रोल गाडीला १५०० पौंड, तर हायब्रिडला अवघे १००० पौंड. असे फरक तेल थंड ठेवण्याची व्यवस्था, रेडिएटर, गिअरचे प्रमाण यांसारख्या गोष्टींतून येतात. त्यामुळे बाहेरून जाड हिच बसवून घेतल्याने गाडीची क्षमता वाढते, हा समज साफ चुकीचा आहे. गाडी, हिच, गोळा आणि ट्रेलर या साखळीतील सर्वांत कमजोर कडीचा आकडा हाच खरा आकडा.

बैलगाडीचे जुनेच गणित

ट्रेलरच्या दांडीचे टोक गाडीच्या गोळ्यावर जेवढ्या वजनाने टेकते, त्याला अमेरिकेत ‘टंग वेट’ आणि ब्रिटनमध्ये ‘नोज वेट’ म्हणतात. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त झाले की मानेवर भार येऊन बैल दमतात. ट्रेलरचेही नेमके असेच आहे. अमेरिकेत एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार गोळ्यावर असावा, असा दंडक आहे. युरोपात ५ ते ७ टक्के पुरेसे मानले जातात, कारण तेथील वेग कमी आणि ट्रेलरची बांधणी वेगळी.

हा भार कमी पडला, तर ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो. एखादा मालट्रक शेजारून गेला, वाऱ्याचा झोत आला किंवा उतारावर वेग वाढला, की पहिला हेलकावा बसतो. पुढचा त्याहून मोठा असतो. काही सेकंदांत ट्रेलर गाडीचा मागचा भाग इकडेतिकडे फेकू लागतो आणि छोट्या एसयूव्हीचे वजन व दोन चाकांच्या आसांमधील अंतर बेताचेच असल्याने तिला तो आवरत नाही. अशा वेळी पाय आपसूक ब्रेककडे जातो आणि तेच घातक ठरते. गाडीचा ब्रेक जोरात दाबला, की मागचा ट्रेलर पुढे रेटतो आणि हेलकावा वाढतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, सुकाणू सरळ धरावे, हेलकाव्याला उलट फिरवून उत्तर देण्याचा मोह टाळावा आणि ट्रेलरला स्वतंत्र विद्युत ब्रेक असतील, तर फक्त तेच हाताने हलके लावावेत, असा जाणकारांचा सल्ला असतो. त्यानंतर गाडी बाजूला घेऊन सामानाची मांडणी तपासणे आवश्यक. सायकली मागच्या टोकाला टांगणे, पाण्याची मागची टाकी भरून निघणे, ही नेहमीची कारणे आढळतात. जड वस्तू ट्रेलरच्या आसाच्या वर किंवा थोड्या पुढे आणि शक्य तितक्या खाली ठेवाव्यात.

गोळ्यावरचा भार जास्त झाला तर गाडी मागे बसते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही सैल वाटू लागतात. मोठ्या गाड्यांत यावर वजन विभागणारी हिच वापरतात. पण अनेक छोट्या एसयूव्हींचे उत्पादक तिला मनाई करतात. माहितीपुस्तिका पाहिल्याखेरीज ती बसवू नये.

दारावरची चिठ्ठी

अमेरिकेतील प्रत्येक गाडीत चालकाच्या दाराजवळ एक चिठ्ठी चिकटवलेली असते. गाडीतील माणसे आणि सामान यांचे एकत्रित वजन किती असावे, हे तीवर छापलेले असते. गोळ्यावरचा भार याच आकड्यातून वजा होतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. समजा, चिठ्ठीवर ४१० किलो लिहिले आहेत. आई, वडील आणि दोन मुले मिळून २१० किलो. मागच्या डिकीत ६० किलो सामान. छपरावरची पेटी ४० किलो. उरले १०० किलो. आता ट्रेलर ६८० किलोंचा असेल आणि गोळ्यावर १३ टक्के भार येत असेल, तर ते झाले सुमारे ८८ किलो. हिच बाहेरून बसवली असेल तर तिचेही वजन यातच धरायचे. म्हणजे ओढण्याच्या क्षमतेत ट्रेलर बसला तरी गाडी काठोकाठ भरली. भारतातून आलेले आजी-आजोबा सोबत असतील, तर हिशेब सरळसरळ चुकतो.

दुसरी फसगत रिकाम्या वजनाची. विक्रेते ट्रेलरचे कोरडे वजन सांगतात. त्यात पाणी, गॅसची टाकी, बॅटरी, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी काहीच नसते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ७५ लिटरची टाकी भरली की ७५ किलो वाढले. होडीच्या बाबतीत तर सांगितलेले वजन बहुधा नुसत्या सांगाड्याचे असते. इंजिन, इंधन आणि खुद्द ट्रेलर वेगळे. चौदा फुटी साधी ॲल्युमिनियमची मासेमारीची होडी सगळे मिळून साधारण तीनशे-चारशे किलोंत बसते, म्हणून ती छोट्या एसयूव्हीला शोभते. फायबरग्लासच्या, इंजिन आत बसवलेल्या होड्या बहुधा तिच्या आवाक्याबाहेरच्या. कॅम्परमध्ये थेंबाच्या आकाराचे ‘टिअरड्रॉप’ आणि घडीचे तंबू-ट्रेलर हे पहिले पर्याय ठरतात. वजन जमले तरी उंच, चौकोनी कॅम्पर टाळावा; वाऱ्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठीच अनेक माहितीपुस्तिकांत ट्रेलरच्या समोरच्या पृष्ठभागावरही मर्यादा घातलेली असते.

अंदाजावर विसंबण्याचे कारण नाही. अमेरिकेत मालट्रकांच्या थांब्यांवर वजनकाटे असतात. आपल्याकडे उसाची ट्रॉली काट्यावर चढवल्याशिवाय पुढे जात नाही. सुट्टीच्या ट्रेलरला तेवढी शिस्त लावायला हरकत नसावी. ब्रिटनमध्ये नवख्यांना आणखी एक सल्ला दिला जातो : भरलेल्या कॅरॅव्हॅनचे वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये. १६ डिसेंबर २०२१ पासून तेथे साध्या कार परवान्यावर ३५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, त्यासाठीची वेगळी परीक्षा रद्द झाली. त्यामुळे या सल्ल्याचे महत्त्व उलट वाढले आहे.

ब्रेक कोणाचे?

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ५५ मैलांऐवजी ६५ मैलांनी गेले, तर ब्रेकला सुमारे ४० टक्के अधिक ऊर्जा जिरवावी लागते. म्हणूनच ठरावीक वजनापुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे कायद्याने सक्तीचे आहे. ब्रिटन व ऑस्ट्रेलियात ही रेषा ७५० किलोंवर आहे. अमेरिकेत ती राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात १५०० पौंड. मात्र कायद्याची रेषा आणि गाडीच्या उत्पादकाची रेषा एक असतेच असे नाही. अनेक उत्पादक १००० पौंडांपासूनच ट्रेलरला ब्रेक असावेत अशी अट घालतात आणि ही अट पाळणेच शहाणपणाचे.

होडीच्या ट्रेलरला बहुधा रेट्यावर चालणारे ब्रेक असतात. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलला जातो आणि त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. कॅम्परचे विद्युत ब्रेक चालवण्यासाठी गाडीत नियंत्रक बसवावा लागतो आणि चार पिनांची साधी जोडणी त्याला पुरत नाही, सात पिनांची लागते. लांब उतारावर खालचा गिअर आधीच निवडावा. चढावर सीव्हीटी गिअरबॉक्सचे तेल तापते. इशारा दिसताच थांबणे हाच उपाय. निघण्यापूर्वी सुरक्षा साखळ्या दांडीखाली एकमेकींना छेद देऊन अडकवाव्यात, म्हणजे गोळा निसटला तरी दांडी रस्त्यात रुतत नाही. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने तडकतात, तेही पाहावे.

पाण्याच्या काठावर

होडी पाण्यात उतरवण्याचा उतार ओला व शेवाळलेला असतो. पुढच्या चाकांनी चालणारी गाडी तेथे हमखास दगा देते, कारण चढताना वजन मागे सरकते आणि ओढणारी चाके हलकी होतात. चारही चाकांना जोर असेल तर बरे. दिव्यांची जोडणी पाण्यात जाण्याआधी सोडावी, तापलेली चाके थोडी निवू द्यावीत. गरम बेअरिंग एकदम थंड पाण्यात बुडाले की आत पाणी शोषले जाते. आणि होडीच्या तळाचे बूच लावल्याची खात्री करावी. ते विसरून होडी उतरवणारे महाभाग प्रत्येक धक्क्यावर भेटतात.

मागे घेण्याचा सराव मोकळ्या आवारात करावा. सुकाणूच्या तळाशी हात धरला, की हात ज्या दिशेला नेऊ त्या दिशेला ट्रेलर वळतो. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा सोपा असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो लवकर दुमडतो.

महाराष्ट्रातही २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणास मंजुरी दिली आणि त्यात मोटार-कॅरॅव्हॅनबरोबरच ओढायच्या ट्रेलरचाही समावेश केला. मात्र भारतातील छोट्या एसयूव्हींच्या माहितीपत्रकांत ओढण्याच्या क्षमतेचा आकडा सहसा दिलेला नसतो. त्याच नावाच्या गाडीचा परदेशातील आकडा येथे लागू धरता येणार नाही. इंजिन, गिअरबॉक्स, थंडाव्याची व्यवस्था यांत फरक असू शकतो. उत्पादकाकडून लेखी उत्तर घेणे हाच मार्ग. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश होतो. त्यामुळे गॅरेजमध्ये जोडून घेतलेला ट्रेलर नोंदणीविना रस्त्यावर आणता येत नाही.